मदत हवी आहे: पॅटागोनियातील नद्या अँडीज ओलांडून पश्चिमेला कशा गेल्या?

नमस्कार. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील अँडीजविषयी मी एक टिपण लिहीत आहे. सीमावादाचा इतिहास बऱ्यापैकी हाती लागला आहे. अडचण आहे ती त्यामागच्या भूरूपांची. भूरूपशास्त्राच्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

१८८१ च्या तहानुसार ५२ अंश दक्षिण अक्षांशापर्यंतची सीमा अँडीजच्या पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून जाणार होती. उत्तरेकडे या व्याख्येने फारसा त्रास दिला नाही. ६,८९३ मीटर उंचीचे ओहोस देल सालादो सीमेवरच आहे, तर ६,९६१ मीटरचे आकोन्काग्वा जलविभाजकाच्या (दोन बाजूंचे पाणी वेगळे करणाऱ्या रेषेच्या) पूर्वेला असल्यामुळे, सर्वोच्च असूनही, संपूर्णपणे अर्जेंटिनात राहिले. दक्षिणेकडे मात्र उंच शिखरे आणि जलविभाजक यांची चक्क फारकत होते. अर्जेंटिनातील लाकार सरोवराचे पाणी चिलीतून प्रशांत महासागराला मिळते. चिलीत हेनेराल कारेरा आणि अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस या नावाने ओळखले जाणारे मोठे सरोवर पूर्वेला पॅटागोनियाच्या कोरड्या पठारापर्यंत पोहोचते, तरी त्याचे पाणी बाकेर नदीने पर्वतरांग भेदून पश्चिमेलाच जाते.

चिलीच्या बाजूने बारोस आराना यांनी जलविभाजकाचा आग्रह धरला, तर अर्जेंटिनाच्या फ्रान्सिस्को मोरेनो यांनी शिखरांचा. ब्वेनोस आयरेस सरोवराकडे वाहणारी फेनिक्स नदी मोरेनो यांनी १८९८ मध्ये एक चर खणून अटलांटिककडे जाणाऱ्या देसेआदो नदीत वळवली, आणि जलविभाजक किती तकलादू आहे हे दाखवून दिले. (युक्तिवादाची याहून खणखणीत पद्धत माझ्या तरी वाचनात नाही.) १९०२ च्या ब्रिटिश लवादाने दोन्ही तत्त्वे बाजूला ठेवून मधली रेषा काढली, त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करणारे थॉमस होल्डिच हे भारतीय सर्वेक्षण विभागात मुरलेले अधिकारी होते.

आता मूळ प्रश्न. सतलज आणि अरुण या नद्या हिमालयापेक्षा जुन्या असून पर्वत उंचावत असताना त्यांनी आपली दरी कोरत ठेवली, असे आपण शिकतो. बाकेरलाही हेच स्पष्टीकरण लागू पडते का? हिमयुगात बर्फाने पश्चिमेची वाट अडवल्याने वितळलेले पाणी पूर्वेला अटलांटिककडे जात असे आणि बर्फ हटल्यावर प्रवाह उलटला, एवढे मला समजले आहे; सरोवराच्या सध्याच्या पातळीच्या बरेच वर दिसणारे जुने काठ त्याची साक्ष देतात. परंतु यातून पाणी केव्हा वळले ते कळते, पर्वत आरपार कोणी कापला ते कळत नाही. हिमनद्यांनी आधीच्या नदीच्या दऱ्याच खोल केल्या, की मुळात खिंडार पाडले तेच बर्फाने? दक्षिण चिलीतील लिकिन्ये-ओफ्की भ्रंश (भूकवचातील मोठी भेग) उत्तर-दक्षिण पसरलेला असल्याने पूर्व-पश्चिम दऱ्यांचे श्रेय त्याला द्यावे असे मला वाटत नाही. यावर वेगळे मत असल्यास अवश्य मांडावे.

एक तांत्रिक मदतही हवी आहे. एसआरटीएमच्या (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या) उंचीच्या माहितीवरून क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जलविभाजक आखताना फेनिक्सच्या परिसरातील सपाट हिमोढांवर (हिमनद्यांनी टाकलेल्या दगडमातीच्या थरांवर) रेषा थोड्याशा बदलानेही भलतीकडे सरकते. अशा भूभागासाठी उंचीच्या माहितीतले खोटे खळगे भरण्याची कोणती पद्धत वापरावी? या विषयावरील शोधनिबंध इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये असले तरी चालतील.