मदत हवी आहे: जुन्या गाडीची टिकटिक आणि निळा धूर, दुखणं एक की दोन?

मंडळी, गाडी जुनी आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्वची फट आपोआप भरून काढणारे). सकाळी थंड इंजिन चालू केलं की वरच्या बाजूने टिकटिक सुरू होते आणि रेस केली की वाढते. पाच-दहा मिनिटांत इंजिन तापलं की आवाज विरत जातो, मग तो कान देऊनच ऐकावा लागतो.

धुराचं वेगळंच. गाडी रात्रभर उभी असेल तर स्टार्ट करताना सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट येतो आणि थांबतो. चढावर किंवा वेगात असताना काही दिसत नाही. पण लांब उतार गिअरमध्ये उतरून खाली आलो आणि ॲक्सिलरेटर दाबला, की आरशात परत तोच धूर. हजार किलोमीटरमागे अर्धा लिटरच्या आसपास ऑइल ओतावं लागतं. कूलंट कमी होत नाही, पिकअपही ठीक आहे.

एका मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आतच ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल’ म्हणून सांगितलं. दुसरा म्हणतो, ‘जाड ऑइल टाका, दोन्ही बंद होईल.’ एकाला उघडायची घाई, दुसऱ्याला झाकायची. खोलण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

प्रतिसाद १:
धूर नेमका कधी येतो ते तुम्ही लिहिलंत, निम्मं निदान त्यातच आहे. रिंगा गेलेलं इंजिन जोर लावताना धूर मारतं, म्हणजे तुमचा चढ निळा व्हायला हवा होता. रिंगा गेल्या असतील तर ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर आतून भात्यासारखी हवा येते, तेही बघून घ्या. मला संशय व्हॉल्व सीलचा आहे, म्हणजे व्हॉल्वच्या दांडीवर ऑइल अडवणाऱ्या रबराचा. सीलचं रबर वयाने कडक होतं. गाडी उभी असताना हेडवरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं ऑइल व्हॉल्वच्या दांडीवरून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) व्हॅक्यूम जोरात तयार होतो आणि तेच ऑइल आत ओढलं जातं. पाय दाबला की धूर.

पण सीलला हात लावण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) काढून हलवून बघा. बहुतेक गाड्यांत तो खुळखुळतो. अडकला असेल तर ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये जाते. एवढ्याशा भागासाठी इंजिन बांधून घेतलेले लोक आहेत!

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि फ्युएल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा उसळला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

प्रतिसाद २:
धुराबद्दल सहमत. टिकटिक मात्र मला टॅपेटची वाटत नाही. हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल रात्रीतून उतरतं, पण प्रेशर आलं की तो सहसा काही सेकंदांत गप्प होतो. धातू तापून फुगेपर्यंत टिकणारा आवाज म्हणजे बऱ्याचदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून जळका धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून फुटणारा गॅस.

आवाज मोजून हे दोन वेगळे करता येत नाहीत. आयडलिंग ८०० आरपीएम धरलं तर एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजेल, आणि एका सिलिंडरचं लिकेजही तेवढंच. मोजण्याने फार तर खालचा, क्रँककडचा ठोका वेगळा काढता येतो, तोही नेहमी नाही. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवून मॅनिफोल्डच्या कडेने फिरवा. आधी थंड इंजिनवर टॉर्च मारून हेडच्या सांध्यावर काजळी दिसते का बघा. इंजेक्टरची बारीक टिकटिक आपली असतेच, ती मोजू नका.

आणि जाड ऑइल नको. थंडीत ते वर पोचायला वेळ लावतं, टॅपेट जास्तच वाजतात. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड ठेवा. आवाज खोल, घणासारखा झाला किंवा ऑइलचा दिवा लागला तर मात्र इंजिन तिथेच बंद करायचं.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली काजळीचा काळा पट्टा आहे, नळी तिथे नेली की टिकटिक एकदम मोठी होते. पीसीव्ही खुळखुळतो. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं १६० ते १७० पीएसआयमध्ये आहे, म्हणून चमचाभर ऑइलची गरज पडली नाही. दोन प्लग ऑइलने ओले, बाकी कोरडे. म्हणजे दुखणी दोन. आता सील बदलायला हेड उतरवावंच लागतं का?

प्रतिसाद १:
बऱ्याच इंजिनांत नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवतात, त्या दाबाने व्हॉल्व खाली पडत नाही. मग स्प्रिंग दाबून लॉक (स्प्रिंग व्हॉल्वला धरून ठेवणारे छोटे तुकडे) काढायचे आणि सील बदलायचं. हवा भरताना इंजिन फिरू शकतं, म्हणून पाना क्रँकवर अडकवून ठेवू नका. काम किचकट आहे, लॉक उडून हरवतात, ऑइल खाली जायच्या वाटा कापडाने बुजवा. ओल्या प्लगवाले दोनच करू नका, सगळेच बदला. बाकीची सीलंही त्याच वयाची आहेत.

प्रतिसाद २:
मॅनिफोल्ड आधी करा, धुराचं काम थोडं थांबू शकतं. मॅनिफोल्डचे स्टड गंजलेले असतात, आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट सुटत नसेल तर ताकद लावण्याऐवजी पुढे-मागे थोडं थोडं हलवत सोडवा. स्टड हेडमध्ये तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो आणि मग पहिल्या मेकॅनिकचंच म्हणणं खरं होतं. नवं गॅस्केट लावण्याआधी मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून तो वाकलाय का तेवढं बघा. वाकला असेल तर घासून सपाट करून घ्या, नाही तर नवं गॅस्केटही फुटेल.