मेलेल्या कावळ्याचा नमुना भोपाळला जातो, तिथं नेमकं काय बघतात?

परसातल्या_कोंबड्या (अहमदपूर)
जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले. नमुने भोपाळच्या प्राणीरोग प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लू निघाला. माझ्याकडं गावरान कोंबड्या आहेत, दोन म्हशी आहेत, पाणी सगळ्यांना एकाच हौदाचं, अन् त्याच्याच काठावर कावळे बसतात. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आहे एवढं कळल्यावर आणखी त्याची जनुकं कशाला वाचायची? आणि कावळ्याचा रोग म्हशीला लागतो का?

गुरांचा_डॉक्टर (परभणी)
ताई, एच५एन१ हे नुसतं आडनाव झालं. कुठल्या घरचा, कुठून आला, हे जनुकं वाचल्यावरच कळतं.

या विषाणूची जनुकं ८ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ च्या स्वाइन फ्लूत डुक्कर, पक्षी आणि माणूस तिघांच्याही फ्लूचे तुकडे होते. म्हणून आठही वाचायचे. त्यातल्या पीबी२ नावाच्या तुकड्यावरून बनणाऱ्या प्रथिनात ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्ल हा घटक जाऊन लायसिन आलं, तर विषाणूला सस्तन प्राण्यांत वाढणं सोपं जातं. अहवाल हातात आला की माझी नजर आधी तिथं जाते. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये ३ वाघ आणि १ बिबट्या याच रोगानं गेले, तेव्हापासून तर जास्तच.

आता म्हशीचं. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये दुभत्या गायींत एच५एन१ सापडला. विषाणू कासेत वाढत होता, दूध घटलं, घट्ट झालं. राज्याराज्यांतल्या गोठ्यांचे नमुने जुळवल्यावर दिसलं, की त्या साथीत पक्ष्यांकडून तो बहुधा एकदाच, २०२३ च्या अखेरीस गायीत आला आणि पुढं गायीकडून गायीकडं पसरला. जनुकं वाचली नसती तर प्रत्येक गोठ्यात पाखरांनीच आणला असं वाटलं असतं. तुम्ही कोंबड्यांचं पाणी वेगळं करा, हौद झाका, दूध उकळूनच प्या.

नाथसागर_पक्षीमित्र (पैठण)
रोग आला की जायकवाडीच्या पाहुण्या पक्ष्यांवर खापर फुटतं, याचं मला फार वाईट वाटतं. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर पट्टकादंब हंस या रोगानं ढिगानं मेले. तेही बळीच आहेत. रोग पाखरांनी आणला की कोंबडीच्या पिल्लांच्या गाडीतून आला, हे जनुकं जुळवून बघितल्याशिवाय कुणी ठरवू नये.

परसातल्या_कोंबड्या (अहमदपूर)
समजलं. मेलेलं पाखरू सापडलं तर इकडं लोक सरळ नाल्यात फेकतात. काय करायला पाहिजे?

गुरांचा_डॉक्टर (परभणी)
उघड्या हातानं शिवू नका. लेकरं, कुत्री, मांजरं लांब ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जानेवारी २०२१ मध्ये आमच्याकडं मुरुंबा गावात ८०० च्या आसपास कोंबड्या मेल्या, तेव्हाही निदान भोपाळहूनच आलं होतं. नमुना ताजा लागतो, बर्फात ठेवून पाठवावा लागतो. आपल्या उन्हात पाखरू दिवसभर पडून राहिलं की विषाणूचा आरएनए, म्हणजे ज्यात त्याची जनुकं असतात तो रेणू, तुटायला लागतो, मग वाचायला फारसं काही उरत नाही. म्हणून फोन सकाळीच करा, संध्याकाळची वाट बघू नका.