अनुभव धागा: संस्था अडचणीत आणि सही तुमची

सोसायटी, शाळा, वर्कशॉप, मंडळ, काहीही चालेल. फक्त निर्णय तुमच्या गळ्यात होता, असेच अनुभव लिहा. मीच सुरुवात करतो.

कोपरीकर
ठाणे पूर्व, ५६ सदनिका, मी सेक्रेटरी. २४ सप्टेंबर २०१९, मंगळवार. आमचं खातं असलेल्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सहा महिन्यांत खात्यामागे १,००० रुपये! दोन दिवसांनी १०,००० झाले, पण आमचे १९ लाख आत आणि रविवारी वार्षिक सभा.

बँक सुचवली होती खजिनदारकाकांनी, अर्धा टक्का जास्त व्याजासाठी. काका खाली उतरेनात. ठराव मात्र सर्वानुमते झालेला, इतिवृत्त माझ्याच अक्षरात. सभेत कुणी तोंड उघडायच्या आत मी तो वाचून दाखवला. मग फळ्यावर तीन आकडे लिहिले: अडकलेले, हातातले, वॉचमनच्या पगाराचे. आरडाओरडा झालाच. पण उठताना बऱ्याच जणांनी तीन महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ दिला. नवं खातं उघडेपर्यंत ते चेक आमच्याकडे चिवड्याच्या डब्यात होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला. आमच्या किती कामाचा? घरं छप्पन्न असली तरी सोसायटी म्हणजे ठेवीदार एकच.

रबाळे_पावडर_कोटिंग
मी नेमकं उलटं केलं. लॉकडाऊनमध्ये कारागिरांना सांगत राहिले, "आठ दिवसांत चालू होईल." मला कुठे काय ठाऊक होतं! कर्जाच्या हप्त्यांना आधी मेपर्यंत, मग ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली, व्याज चढतच होतं, त्यात डोकं गेलेलं. मे महिन्यात एका पहाटे ओव्हनवरच्या मुलाचा मेसेज: "मॅडम, शटर की चाबी वॉचमन के पास है. माजिवडा पहुँच गए." पुढे नाशिक हायवे, चालत. खरं सांगितलं असतं तर निदान हिशेब चुकता करून तरी पाठवलं असतं. त्यातले दोघे परत आले. तो आला नाही.

निवृत्त_मुख्याध्यापिका
२६ जुलै २००५, कळवा. तळमजल्यात पाणी, फोन बंद, वरच्या मजल्यावर ४१ मुलं. मी एकच नियम केला: हजेरीपटावर सही केल्याशिवाय मूल द्यायचं नाही. एक काका छातीभर पाण्यातून पुतणीला न्यायला आले होते, माझ्यावर जाम भडकले. मी पेन पुढे केलं. त्यांच्या ओल्या हाताने शाई फुटलेली ती सही शेवटपर्यंत वाचता आली नाही. शेवटचं मूल दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. खिचडी शिपाईमावशींनी केली, त्याचं श्रेय माझं नाही.

घोडबंदरवाला
@कोपरीकर, काकांनी राजीनामा द्यायलाच हवा होता. तुम्ही त्यांना वाचवलंत.

कोपरीकर
असेलही. पण सह्या सगळ्यांच्याच होत्या ना. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. ऑडिट आलं की व्हाउचर लावायला मात्र अजून येतात. खाली बसत नाहीत, फाइल घेऊन वर जातात.