तबला शिकतेय, यंदा सवाईला बसायचंय, पण विलंबितात सम सापडतच नाही

मुग्धा_चिंचवड
नमस्कार मंडळी, चाळिशी ओलांडल्यावर तबला शिकायला घेतलाय. घराजवळ एक सर आहेत त्यांच्याकडे जाते. तीनतालाचा ठेका आता बऱ्यापैकी स्थिर वाजतो, दादरा केरवा येतात, सध्या 'धाधा तिट धाधा तूना' हा कायदा (ठरलेल्या बोलांची वाढवत न्यायची रचना) चालू आहे आणि दुगुन (दुप्पट लय) करायला गेलं की तिटमध्ये बोटं अडकतात. पण मजा येतेय, खूप मजा येतेय, ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास तबल्यापुढे बसलं की दिवसभराचं सगळं डोक्यातून जातं.

तर प्रश्न असा की यंदा डिसेंबरात सवाईचं (पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचं) सीझन तिकीट काढायचं ठरवलंय. आधी जायचे तेव्हा नुसतं छान वाटायचं आणि भूक लागली की वडापाव. आता तबला शिकतेय म्हणून ठेका ऐकायला बघते, तर मोठा ख्याल (विलंबित म्हणजे संथ लयीतलं गाणं) सुरू झाला की पाच मिनिटांत हरवते, सम (तालाचं चक्र नव्याने सुरू होतं ती पहिली मात्रा) कुठे आली ते शेजारच्या आजोबांची मान हलल्यावर कळतं. यूट्यूबवर पण तेच. विलंबित एकताल ऐकायचा तरी कसा? दुसरं म्हणजे स्वतःचा तबला आता घेऊ का (सध्या सरांचा जुना वापरतेय)? आणि परीक्षा द्याव्यात का? सर म्हणतात तुमची इच्छा.

अण्णा_सदाशिव
मुग्धाताई, पहिल्यांदा मनापासून अभिनंदन. आणि हरवायला होतं म्हणून अजिबात वाईट वाटून घेऊ नका, विलंबितात हरवणं हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

मात्रा मोजत बसू नका, बोल ऐका. एकतालाचा ठेका तोंडाने म्हणून पाहा : धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. बारा मात्रा. विलंबितात प्रत्येक मात्रेचे चार बारीक ठोके धरतात, म्हणजे अठ्ठेचाळीस झाले, आणि किराणा घराण्याची गायकी असेल तर एक आवर्तन (समेपासून समेपर्यंतची फेरी) मिनिटभर सुद्धा चालतं, एवढा वेळ मोजत बसलात तर गाणं ऐकायचं राहून जाईल. त्याऐवजी खुणा पकडायच्या. 'तिरकिट' एका आवर्तनात दोनदा येतो, तो कितीही संथ लयीत कानाला ठळक लागतो कारण बाकी सगळं सुटं सुटं आहे आणि तिथेच बोटं एकदम भरभर चालतात. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं. दुसरा 'क त्ता' नंतर येतो, म्हणजे आधी डग्ग्यावर (डाव्या हाताच्या वाद्यावर) तो बंद, सपाट 'क' ऐकू येतो आणि मग तिरकिट. तो दुसरा तिरकिट आला की फक्त 'धी ना' उरलं, की सम. तेवढ्यात गायकाचं पण बघा, तो बंदिशीच्या मुखड्याकडे (समेवर येणाऱ्या सुरुवातीच्या ओळीकडे) वळलेला असतो. एकदा हे दोन तिरकिट वेगळे ऐकू यायला लागले ना की पुढचं आपोआप होतं.

तीनतालात आणखी सोपं. खालीच्या (टाळी न देता हात बाजूला करतात त्या) भागात 'तिं तिं ता, ता' असं डग्गा गप्प होतो, घुमारा जातो. नंतरच्या 'धिं'ला डग्गा परत बोलला की समेला तीन मात्रा उरल्या समजा.

भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या आठवणीत हा महोत्सव सुरू केला तेव्हापासून पुण्याने ऐकायची सवय लावून घेतलीय. रमणबागेत रात्रभर चालायचं तेव्हा पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे, आता लाऊडस्पीकरच्या वेळेच्या नियमामुळे ते गेलं याचं मला अजूनही वाटतं. पण दुपारचे राग पूर्वी कुठे मिळायचे? आता भीमपलास, मुलतानी त्यांच्या वेळेला ऐकू येतात. दुपारचं सत्र चुकवू नका, गर्दी कमी असते आणि नवीन मुलं फार तयारीने गातात.

रेवा_मिरज
तबल्याचं मी सांगते कारण आमच्याकडे घरात वाद्यांचीच उठबस. घ्या, आताच घ्या, स्वतःच्या तबल्यावर हात बसणं वेगळं. पण ऑनलाइन मागवू नका, सरांना बरोबर घेऊन दुकानात जा. लाकूड शिसमचं आणि उचलल्यावर जड लागायला हवं, हलकं खोड असेल तर आवाज पोकळ येतो. सर कुठल्या पट्टीत (सुरात) शिकवतात ते आधी विचारा, काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला साधारण साडेपाच इंची तोंडाचा असतो, त्याहून उंच सूर हवा असेल तर तोंड लहान लागतं. चाटेवर (तोंडाच्या काठावर) 'ना' सगळ्या बाजूंनी वाजवून पाहा, गोल फिरवत, प्रत्येक घराला तोच सूर यायला हवा. दुकानदाराने फक्त एका जागी वाजवून दाखवला तर आपण फिरवून वाजवायचा. डग्गा तांब्याचा घ्या, महाग पडतो पण गोडवा वेगळा. आणि हातोडी घ्यायला विसरू नका, पावसाळ्यात पुडी (तबल्याचं चामडं) सैल पडते आणि सूर उतरतो तेव्हा रोज दुसऱ्या कुणाकडे जाणार? गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलके ठोके देऊन सूर मिळवायला पहिल्या वर्षातच शिका.

आणि सवाईबद्दल सगळे बोलतील पण एकदा मिरजेला या. मिरासाहेब या सूफी संताच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात गाणं असतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथेच आहे, आणि सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, म्हणजे तुमच्या पुण्याच्या महोत्सवाचं मूळ आमच्या गावात! तिकीट नाही, कलाकार हजेरी म्हणून येतात आणि तुम्ही तबलजीपासून हाताच्या अंतरावर बसू शकता. दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीत जा, भोपळ्याचे तंबोरे कसे घडतात ते बघा, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक ओळख) मानांकन मिळालंय. बघायला गेलं तर कारागीर हातातलं काम न थांबवता सगळं समजावून सांगतात.

केदार_फोंडा
गोव्यातून लिहितोय. रेवाताईंचं सगळं पटलं. मी फक्त एक भर घालतो, ऐकण्याइतकंच कुणाच्या तरी साथीला बसणं महत्त्वाचं आहे आणि त्यासाठी भजनासारखी जागा नाही. आमच्याकडे देवळात भजन असतं, तिथे लहान पोरं पण मध्येच डग्ग्यावर बसतात, चुकलं तर शेजारचा काका डोळ्यांनी सांगतो, गाणं थांबत नाही. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात तर चोवीस तास अखंड भजन, पाळ्या लावून मंडळी वाजवतात, पहाटे तीनला सुद्धा ठेका तसाच. एकट्याने कायदा वाजवताना लय कधी वाढली ते आपल्याला कळत नाही, पण पेटी आणि चार गळे बरोबर असले की लगेच कळतं कारण ते सगळे मागे राहतात. चिंचवडला भजनी मंडळं ढीगभर असतील, एखाद्या एकादशीला जाऊन बसा आणि म्हणा मी शिकतेय, पाच मिनिटं वाजवू द्या. नाही कोणी म्हणणार नाही. लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर आमच्याच भूमीतले, एकाच वेळी हातापायांनी वेगवेगळे ताल धरायचे असं सगळे सांगतात, त्यांच्यापर्यंत आपण कशाला जायचं, पण लय ही माणसांत बसूनच पक्की होते एवढं खरं.

कोमल_निषाद
परीक्षेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जरूर द्या, निदान प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या दोन तरी. सर्टिफिकेटचं सोडा, पण हाताने टाळी-खाली दाखवत ताल दुगुनीत म्हणून दाखवावा लागतो, बोल ताललिपीत लिहावे लागतात, आणि हे आपण एरवी करत नाही कारण वाजवायचीच घाई असते. आपल्या वयात अभ्यासाला तारीख असली की रियाज होतो.

अण्णा_सदाशिव
कोमलताई, इथे माझं मत वेगळं आहे. पढंत (बोल तोंडाने म्हणणं) हवीच, शंभर टक्के हवी, पण ती सर रोज करून घेऊ शकतात. परीक्षेच्या नादात चार महिने तेच तेच वाजवलं जातं आणि ऐकणं मागे पडतं. मुग्धाताईंना ऐकण्याची ओढ लागलीय, ती आधी वाढू दे. वर्षभराने द्या हवी तर.

कोमल_निषाद
अण्णा, शिकवणारा तेवढा चिकाटीचा असेल तर मान्य. सगळ्यांना तसे मिळत नाहीत हो.

मुग्धा_चिंचवड
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं! अण्णा, काल रात्री भांडी घासून झाल्यावर हेडफोन लावून यमनचा मोठा ख्याल ऐकला आणि 'क' नंतरचा तिरकिट सापडला!! दोन आवर्तनं नुसती त्याचीच वाट बघितली, तिसऱ्यांदा समेला माझा हात बरोबर मांडीवर पडला, लेक विचारायला लागली आई काय झालं. परीक्षेचं सरांशी बोलते, पढंत मात्र उद्यापासून. मिरजेचं नवऱ्याला सांगितलं, तो तयार आहे, उरुसाच्या तारखा कळल्या की रेवाताई इथे टाकाल का?

आणखी एकच विचारते, सवाईला तबलजीचे हात दिसावेत म्हणून कुठे बसू? भारतीय बैठकीचं तिकीट आहे.

अण्णा_सदाशिव
तबलजी बहुतेक वेळा गायकाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि गायकाकडे तोंड करून बसल्यामुळे दायां (उजव्या हाताचा तबला) श्रोत्यांच्या बाजूला येतो. अगदी डावीकडे बसलात तर त्याची पाठ दिसेल, म्हणून मधोमध किंवा थोडं उजवीकडे जागा धरा. लवकर जा, सतरंजीवर जाड आसन न्या आणि शाल न्या, संध्याकाळी सातनंतर मैदानावर चांगलीच थंडी पडते. गायकाआधी तबलजी सूर मिळवत असतो तेव्हा गप्पा मारू नका, हातोडीचा एकेक ठोका ऐका. रेवाताईंनी सांगितलेलं गोल फिरवून 'ना' वाजवणं तिथे समोर दिसेल.

रेवा_मिरज
टाकते हो तारखा. आणि या तेव्हा घरी जेवायलाच या.