लेऑफनंतर बेकारी भत्ता घ्यावा की नाही? (न्यू जर्सी)

हडसनकाठ: ओळखीतल्या एका गृहस्थांची नोकरी गेली. ग्रीन कार्ड आहे, कित्येक वर्षं इथे टॅक्स भरलाय. क्लेम करा म्हटलं, तर म्हणाले, "आपल्या घरात असलं कुणी घेतलं नाही." मला हे मुळीच पटत नाही. पे स्टब उघडून बघा, यूआय म्हणजे बेकारी विम्याच्या नावाने दर पगारातून कपात दिसेल. बहुतेक राज्यांत हा भार फक्त कंपनीवर असतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्कात कर्मचारीही भरतात. गाडीला धडक बसल्यावर विम्याचा क्लेम करताना लाज वाटते का? 2024 मध्ये इथे आठवड्याला जास्तीत जास्त 854 डॉलर मिळत होते, 26 आठवड्यांपर्यंत. आणि संकोचापायी थांबलात तर तेवढे आठवडे गेले. अर्ज ज्या आठवड्यात, त्याच्या रविवारपासून क्लेम धरतात. मागचं सहसा मिळत नाही.

सुमेधा_के: मी घेतला नाही आणि घेणारही नाही. नवऱ्याचा पगार चालू आहे, सेव्हरन्सही, म्हणजे काढताना कंपनी देते ती रक्कम, मिळाला. 2020 मध्ये ज्यांची चूल खरंच बंद होती ती माणसं फोन लावून लावून थकली होती, हे मी शेजारी पाहिलंय. त्या रांगेत मी कशाला उभी राहू? कायद्याने मिळतं म्हणून घेतलंच पाहिजे असं थोडंच आहे?

हडसनकाठ: सुमेधाताई, भावना समजते. पण नवऱ्याचा पगार किंवा बँकेतली शिल्लक त्या अर्जात विचारतच नाहीत. तुम्ही न घेतल्याने दुसऱ्याला जास्त मिळत नाही. उलट, ज्या कंपनीच्या माणसांचे क्लेम जास्त, तिचा या विम्याचा दर वाढतो. तुम्ही गप्प बसलात तर फायदा कुणाचा? ज्यांनी काढलं त्यांचा.

साठ_दिवस: विमा, विमा म्हणताय, मग माझा विमा कुठे गेला? मी एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर आहे. माझ्याही पगारातून कापतात. नोकरी गेली की 60 दिवसांत नवी कंपनी शोधा, स्टेटस बदला, नाहीतर देश सोडा. भत्त्यासाठी अट अशी की तुम्ही लगेच कुठेही कामाला लागू शकला पाहिजेत. आमचा परवाना एकाच मालकाला बांधलेला, त्यामुळे क्लेम बहुतेक वेळा नाकारला जातो. एकाच ऑफिसात, एकाच दिवशी काढलेल्या दोघांपैकी एकाला मिळतं, दुसऱ्याला नाही. याला विमा म्हणायचं नाही, कर म्हणा.

हडसनकाठ: यावर माझ्याकडे उत्तर नाही. हा अन्यायच आहे. पण ग्रीन कार्डवाल्याने हक्क सोडला म्हणून तो दूर होत नाही. तुमच्यासारख्यांच्या पत्नीकडे एच-फोर ईएडी, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारं वर्क परमिट असेल आणि तिची नोकरी गेली असेल, तर तिने मात्र अर्ज जरूर करावा. तिचं वर्क परमिट एका मालकाला बांधलेलं नसतं.

कृष्णामाई: घ्यायला माझी हरकत नाही, टिकवण्याबद्दल बोलायचंय. दर आठवड्याला सर्टिफाय करताना, म्हणजे त्या आठवड्याचा भत्ता मागताना, प्रश्न येतात: काम करायला तयार होता का, काम शोधलं का, काही कमावलं का. आपली माणसं न वाचता क्लिक करत जातात. कुणी आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जातं आणि तिथूनच बटण दाबतं. देशाबाहेर असताना तो आठवडा मिळत नाही. कारण कितीही खरं असो, ते उत्तर खोटंच. मग पैसे परत मागतात, वर दंड. चार तास शिकवण्या घेतल्या तरी लिहायच्या, आणि पैसे हातात आले त्या आठवड्यात नव्हे, काम केलं त्या आठवड्यात.

सुमेधा_के: म्हणूनच म्हणते, दर आठवड्याला एवढी धास्ती बाळगण्यापेक्षा साठवणीवर काढलेलं बरं. पुढे सिटिझनशिपला अडचण आली तर?

कृष्णामाई: पब्लिक चार्जची, म्हणजे इमिग्रेशनवाले सरकारी मदतीवर जगणारा ठरवतील याची, भीती यात नको. 1999 च्या सूचनांत आणि 2022 च्या नियमातही बेकारी विमा त्यात धरलेला नाही. अडचण खोट्या उत्तरांची येते. कामासाठी कुठे, कोणत्या तारखेला अर्ज केले ते एका वहीत लिहा, चौकशी झाली तर तेच दाखवायचं. आणि फेडरल टॅक्स लागतो, तेव्हा सुरुवातीलाच 10 टक्के कापून घ्यायला सांगा.

साठ_दिवस: ती वही मीही ठेवतोय. मला भत्ता नाही, पण नव्या वकिलाने पहिल्यांदा तीच मागितली.