तोंड वाकडं झालं, पण कानाला त्रास का?

सांगलीचा पम्या: आईला परवा चूळ भरताना डावीकडून पाणी गळायला लागलं. डॉक्टरांनी बेल्स पाल्सी सांगितली, म्हणजे चेहऱ्याची नस दबून एक बाजू लुळी पडणं. स्टेरॉइड चालू केलंय. पण कुकरची शिट्टी झाली की ती डावा कान दाबून धरते, आणि आमटीला चव नाही म्हणते. चेहऱ्याच्या नसेचा याच्याशी काय संबंध?

फिजिओताई: चांगलाच संबंध आहे! मेंदूच्या नसांच्या १२ जोड्यांतली ही सातवी. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते, तिथेच सुजून दबते. वाटेत तिची एक फांदी कानातल्या इवल्याशा स्नायूला जाते. मोठ्या आवाजाचा जोर कमी करायचं काम हाच स्नायू करतो. दुसरी फांदी जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणते, अर्थात त्याच बाजूची. डोळा मिटतो का नीट?

सांगलीचा पम्या: नाही, अर्धा उघडाच राहतो.

फिजिओताई: साहजिक आहे. मिटवणारा स्नायू सातवीचा, पापणी उचलणारा तिसरीचा, आणि तिसरी ठणठणीत आहे. बुबुळ कोरडं पडू देऊ नका. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी, डॉक्टरांना विचारून. बाकी सगळं थांबेल, डोळा थांबणार नाही.

जोशीकाका: अर्धांगवायू तर नाही ना?

फिजिओताई: काका, अर्धांगात कपाळाला बहुधा आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. पण हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर आठ्या बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सांगलीचा पम्या: डाव्या कपाळाला एकही आठी नाही. थेंबांचं आजच विचारतो.