दुकान टाकलंय पण गिऱ्हाईक फिरकत नाही, माइनक्राफ्टमध्ये मार्केट कसं चालवता?

चुनखडी_१२:
नमस्कार मंडळी. आमचा सर्व्हायव्हल सर्व्हर आहे, पेपर नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालतो, जावा (कॉम्प्युटरची आवृत्ती) आणि बेडरॉक (मोबाईल, कन्सोलवर पण चालणारी) दोन्हीवाले येतात, संध्याकाळी ३०-४० जण ऑनलाईन असतात. मार्केटमध्ये प्लॉट घेऊन मी दुकान टाकलंय, चेस्टशॉप प्लगइन आहे म्हणजे चेस्टवर पाटी लावायची आणि लोकांनी क्लिक करून घ्यायचं. दुकान एकदम कडक बांधलंय, डीपस्लेटचं छप्पर, स्प्रूसचे खांब, दारावर बॅनर, आत कारंजं पण आहे. माल म्हणाल तर डायमंडचे फुल सेट, एन्चँट केलेल्या तलवारी, मेंडिंगची पुस्तकं (हत्यारं आपोआप दुरुस्त करणारी), आयर्न, कोळसा, थोडं थोडं सगळंच ठेवलंय. लोक येतात, "भारी बांधलंयस रे" म्हणतात, स्क्रीनशॉट काढतात आणि निघून जातात, विकत कोण काही घेत नाही. आणि समोरच्या लाईनीत एक पोरगा आहे, त्याचं दुकान म्हणजे अक्षरशः मातीवर ठेवलेले चेस्ट, छप्पर नाही काही नाही, आणि तो बालटॉपवर (सगळ्यात श्रीमंत खेळाडूंची यादी) दुसऱ्या नंबरला आहे. बरं तो फार स्वस्त विकतो असंही नाही. आता रेट पाडू का? चॅटमध्ये जाहिरात केली तर मॉड (सर्व्हर सांभाळणारे) म्यूट करतात. काय करावं सांगा.

पिस्टनपंत:
रेट पाडू नकोस आधी, थांब. त्या पोराच्या चेस्टमध्ये काय आहे ते तू लिहिलंच नाहीस आणि सगळा खेळ तिथेच आहे. न बघता सांगतो, रॉकेट असणार, वाळू असणार, काँक्रीट किंवा काच असणार, आणि सगळं भरपूर असणार.

तुझा माल बघ ना. मेंडिंगचं पुस्तक आज कोण विकत घेतो? गावकऱ्याजवळ लेक्टर्न (पुस्तकाचं स्टँड) ठेव म्हणजे तो लायब्ररियन होतो, त्याला मेंडिंग लागेपर्यंत लेक्टर्न फोड आणि परत ठेव, मग १० ते ३८ एमराल्डच्या मधे काहीतरी किमतीला पुस्तक मिळतं, आणि त्यालाच झॉम्बी करून बरं केलं तर १ एमराल्डपर्यंत खाली येतो. सर्व्हर नवीन असताना पहिले काही दिवस पुस्तकं हातोहात जातात हे खरं, पण नंतर घरोघरी लायब्ररियन बसलेले असतात. डायमंडच्या सेटचं तेच, आर्मरर गावकऱ्याला मास्टर लेव्हलला नेलं की तो एन्चँटेड डायमंड चेस्टप्लेट रांगेने देतो. आयर्नचं तर बोलूच नको, एक आयर्न गोलेम मेला की ३ ते ५ इंगट टाकतो आणि फार्म रात्रंदिवस चालू असतो, ज्याला लागतं त्याच्याकडे आधीच ढीग पडलाय.

लोक पैसे देतात ते कंटाळ्याचे. जे काम करायला येतं पण करायचा वैताग येतो तेच विकलं जातं. वाळू घे. पेपरवर ड्युपिंग (बग वापरून माल वाढवणं) बाय डिफॉल्ट बंद असतं, म्हणजे ज्याला वाळू पाहिजे त्याला वाळवंटात जाऊन फावडं मारावंच लागतं. आता इफिशियन्सी ५ चं डायमंड फावडं असेल तर वाळू टचकन फुटते, बीकनसुद्धा (खणायचा वेग वाढवणारा ब्लॉक) लागत नाही, नुसतं बटण दाबून चालत राहायचं, गाणी लावायची आणि शल्कर (मालासकट उचलून नेता येणारे बॉक्स) भरायचे. एवढं सोपं असून कोणी करत नाही. पण महाल बांधणाऱ्याला ती लागतेच, आणि एका स्टॅकने त्याचं काही होत नाही, त्याला शल्करच्या शल्कर लागतात. एका शल्करमध्ये २७ स्टॅक म्हणजे १७२८ ब्लॉक. त्यामुळे "थोडं थोडं सगळंच" हे आधी बंद कर. गिऱ्हाईक एकदा आलं आणि त्याला १२ काँक्रीट मिळाले की ते परत तुझ्या दारात येत नाही, दुसऱ्या वेळी तुझ्याकडे माल आहे का बघायलाही येत नाही. चार वस्तू ठेव, पण त्या कधीच संपता कामा नयेत.

आणि परत परत लागणारी वस्तू बघ. एलिट्रा (उडायचे पंख) महाग जातो, एका एंड शिपमध्ये एकच असतो, जवळची बेटं सगळी लुटलेली असतात म्हणून भाव मिळतो, पण एकदा घेतला आणि मेंडिंग लावलं की तो माणूस परत एलिट्रा घ्यायला येणार नाही. उडायला लागणारं रॉकेट मात्र तो रोज जाळतो.

गावठी_ग्रीफर:
कारंजं पाड, तिथे रॉकेटचे चेस्ट ठेव. फी पाठवून दे 😂

भुसावळ_बायोम:
पंत मालाबद्दल बरोबर बोलतायत पण जागेबद्दल काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे मार्केटचा वॉर्प (झटक्यात तिथे नेणारी कमांड) मारला की माणूस एका चौकात पडतो आणि शंभरातले नव्वद जण त्या चौकातून जे दिसतं तेच घेतात, मागच्या गल्लीत कोण जात नाही, स्वस्त असलं तरी नाही. तुझा प्लॉट वॉर्पपासून किती लांब आहे? प्लेअर वॉर्प मिळत असेल तर सरळ चेस्टच्या समोर टाक, दाराबाहेर नको. लोकांना दुकानात आलोय असं वाटायला नकोय, त्यांना रॉकेट घेऊन दहा सेकंदात परत बेसवर जायचंय.

अजून एक म्हणजे मोबाईलवाले. अर्धी पोरं फोनवर खेळतात, त्यांना तुझ्या त्या खांबांच्या मागच्या पाट्यांवर बोट नीट बसत नाही, दुसऱ्याच पाटीवर टॅप होतो, नको ते विकत घेतलं जातं आणि मग चॅटमध्ये शिव्या. पाट्या डोळ्यांच्या उंचीवर, मधे एक ब्लॉक मोकळा, आणि वर आयटम फ्रेममध्ये तीच वस्तू लाव म्हणजे लांबून दिसते. पाटीवरची अक्षरं गडद लाकडावर वाचता येत नाहीत, ग्लो इंक सॅक (अक्षरं चमकवणारी शाई) मारून घे, फरक पडतो.

पिस्टनपंत:
जागा मान्य. पण समोरच्या लाईनीतला मुलगा त्याच रस्त्यावर आहे आणि चालतोय, म्हणून मी जागेवर बोललो नाही.

भुसावळ_बायोम:
हां ते वाचायचं राहिलं माझं. तरी पाट्यांचं बघच.

चुनखडी_१२:
पंत तुम्ही ज्योतिषी आहात काय? आत्ता जाऊन बघून आलो. रॉकेट आहेत (फ्लाईट १ आणि ३, म्हणजे कमी आणि जास्त वेळ उडवणारी, वेगळ्या चेस्टमध्ये), वाळू आहे, पांढरं आणि करडं काँक्रीट, शल्कर बॉक्स, आणि नेदराईट अपग्रेडची टेम्प्लेट (डायमंडचा सामान नेदराईटचा करायला लागते ती). टेम्प्लेट मी पण विकू शकलो असतो डोक्यातच आलं नाही. पण एक कळलं नाही, त्याच्या अर्ध्या पाट्यांवर तो विकत घेतोय. गनपावडर घेतो, हाडं घेतो, ऊस घेतो. स्वतः एवढा बालटॉपवर असून दुसऱ्याचा ऊस कशाला विकत घेतो? मी पण तसं करावं का?

रेडस्टोन_राणे:
कर, पण गणित करून कर, नाहीतर एका रात्रीत खातं रिकामं होतं. मी आमच्या सर्व्हरवर बरीच वर्षं दुकान चालवते आणि माझा अर्ध्याहून जास्त माल विकत घेतलेला असतो, स्वतः फार्मवर उभं राहायला मला वेळ नाही.

तो मुलगा काय करतोय सांगते. १ कागद आणि १ गनपावडर मिळून फ्लाईट १ ची ३ रॉकेटं होतात. म्हणजे रॉकेटांचा पूर्ण शल्कर भरायला ५७६ कागद आणि ५७६ गनपावडर, ९ स्टॅक हे आणि ९ स्टॅक ते. ३ ऊसाचे ३ कागद होतात म्हणजे ऊस पण ९ स्टॅकच. हे सगळं तो नवीन पोरांकडून घेतो ज्यांच्याकडे छोटा फार्म आहे आणि ज्यांना आत्ता लगेच पैसे पाहिजेत. २०२४ ला १.२१ मध्ये क्राफ्टर (आपोआप वस्तू बनवणारा ब्लॉक) आला तेव्हापासून हाताने बनवायचीही गरज नाही, हॉपरने सोडून द्यायचं. फ्लाईट ३ ला मात्र तेवढ्याच रॉकेटांना गनपावडर तिप्पट लागते, १७२८, म्हणून ती वेगळ्या चेस्टमध्ये आणि वेगळ्या रेटला. दोन्ही एकाच रेटला विकणारे लोक बघितलेत मी, त्यांचं फ्लाईट ३ पाच मिनिटांत साफ होतं आणि फ्लाईट १ तसंच पडून राहतं.

आता पाटी. पहिली ओळ कोरी सोडायची, तुझं नाव आपोआप येतं. दुसऱ्यावर नग. तिसऱ्यावर बी आणि एस चे रेट, बी म्हणजे लोक तुझ्याकडून घेतात तो भाव, एस म्हणजे लोक तुला विकतात तो. चौथ्यावर प्रश्नचिन्ह टाकून हातातल्या वस्तूने पाटीवर क्लिक करायचं. एस कधीही बी पेक्षा जास्त नको हे सगळ्यांना कळतं. फसतात ते क्राफ्टिंगमध्ये. आमच्याकडचं एक उदाहरण: एकजण हाड १ रुपयाला विकायचा आणि बोन ब्लॉक ५ ला घ्यायचा. दोन्ही रेट वेगवेगळे बघितले तर ठीक वाटतात. पण एका हाडाचं ३ बोनमील होतं आणि ९ बोनमीलचा एक बोन ब्लॉक, म्हणजे ३ रुपयांच्या हाडांचा ५ रुपयांचा ब्लॉक. एका पोराने दोन पाट्यांच्या मधे क्राफ्टिंग टेबल ठेवलं आणि उभ्या उभ्या दुकानदाराचं सगळं बॅलन्स खेचून घेतलं, आणि हाडं त्याचीच, पैसे पण त्याचेच! मॉडकडे तक्रार केली तर मॉड म्हणाला यात नियम कुठला मोडला. त्यामुळे नवीन एस पाटी लावायच्या आधी त्या वस्तूपासून काय बनतं आणि ती कशापासून बनते हे बघ, आणि अ‍ॅडमिन शॉपचा (सर्व्हरचं स्वतःचं दुकान) रेट पण बघ. तू अ‍ॅडमिन शॉपच्या खरेदीच्या भावापेक्षा खाली विकलंस तर लोक तुझ्याकडून घेऊन तिकडे ओततात.

शिवाय एस पाटी चेस्ट भरेपर्यंत किंवा तुझे पैसे संपेपर्यंत घेत राहते. डबल चेस्टमध्ये ५४ स्लॉट असतात, मी त्यातले चाळीसेक स्लॉट मातीचा एकेक ब्लॉक ठेवून अडवून टाकते म्हणजे झोपेतून उठल्यावर अनपेक्षित काही नसतं.

चुनखडी_१२:
हे असलं कोणी सांगत नाही, धन्यवाद ताई. टेम्प्लेटचा रेट कसा काढू? आणि एकजण म्हणाला मी तुला यूपीआयने पैसे देतो, तू मला गेममधले दे. घ्यावे का?

अण्णा_बेडरॉक:
यूपीआयच्या भानगडीत पडू नकोस बाळा. माझी मुलगी खेळायची म्हणून मी शिकलो, आता ती कॉलेजला गेली आणि मीच खेळत बसतो, तर हे प्रकार बरेच बघितलेत. मोजांगने २०१४ मध्येच सर्व्हरवाल्यांना बजावलं होतं की खऱ्या पैशात गेममधला फायदा विकायचा नाही, आणि खेळाडूंनी आपापसात केलं तर बहुतेक सर्व्हर सरळ बॅन करतात. शिवाय पैसे आले नाहीत तर तू कोणाकडे जाणार? समोरचा पोरगा आठवीतला असला आणि बापाच्या फोनवरून पाठवले असले तर अजून वेगळं लफडं.

उधारीपण देऊ नये. "दादा उद्या देतो, आत्ता एलिट्रा दे" म्हणणारा उद्या दुसऱ्या सर्व्हरवर असतो. मी एकच सूट देतो, नवीन आलेल्याला अर्धा स्टॅक रॉकेट फुकट. तो पुढे माझ्याकडेच येतो, आणि नाही आला तरी अर्ध्या स्टॅकने काय होतंय.

टेम्प्लेटचं सोपं आहे. कॉपी करायला ७ डायमंड आणि एक नेदररॅक लागतो, म्हणजे ७ डायमंडच्या खाली कधी जायचं नाही, आणि फार वरही जायचं नाही कारण घेणारा एक घेऊन घरी जाऊन स्वतः कॉपी करू शकतो. आम्ही ९ ला देतो. डायमंड स्वतः खणत बसण्यापेक्षा त्याचीही एस पाटी लाव.

अजून एक सांगायचं राहिलं, भरलेला शल्कर विकताना अ‍ॅन्व्हिलवर नाव बदलू नकोस. प्लगइन त्याला वेगळी वस्तू समजतो आणि चेस्टमध्ये माल असून पाटी स्टॉक नाही म्हणते. घेताना पण उघडून बघ, वरचे स्लॉट भरलेले आणि खाली मोकळे असे शल्कर फिरत असतात बाजारात.

चुनखडी_१२:
ठरलं मग. पुस्तकं आणि सेट काढून टाकतो, रॉकेट, वाळू, काँक्रीट आणि टेम्प्लेट एवढंच ठेवतो. कारंजं राहू दे, त्यावर मी जीव लावलाय 😅 काँक्रीट मात्र जमत नाहीये, पावडर पाण्यात टाकून परत फोडायला फार वेळ जातो.

पिस्टनपंत:
पिकॅक्स मेन हातात, पावडर ऑफहँडमध्ये (दुसऱ्या हातात). पाण्याला लागून असलेल्या एकाच जागेकडे बघत उभा राहा आणि दोन्ही बटणं दाबून धर. ठेवलं, कडक झालं, फुटलं, परत ठेवलं, असं आपोआप चालू राहतं. काँक्रीट बीकन असूनही टचकन फुटत नाही, थोडा वेळ लागणारच, आणि तो वेळ लागतो म्हणूनच लोक विकत घेतात. मोबाईलवर हे होत नाही म्हणून बेडरॉकवाले तुझं हक्काचं गिऱ्हाईक.

रंग पांढरा, करडा, काळा एवढेच. गुलाबी भरून ठेवशील तर ते तुझ्या नातवंडांना विकावं लागेल.

रेडस्टोन_राणे:
पांढऱ्याला डाय बोनमीलचाच होतो बरं का. ४ वाळू, ४ ग्रॅव्हल, १ डाय मिळून ८ पावडर, म्हणजे एका शल्करला ८६४ वाळू, ८६४ ग्रॅव्हल आणि २१६ डाय. २१६ डाय म्हणजे फक्त ७२ हाडं. तो समोरचा मुलगा हाडं का घेतो ते आता कळलं असेल. तू त्याच्यापेक्षा पाव रुपया जास्त देऊन बघ, आणि ग्रॅव्हलची पण एस पाटी लाव, ती अजून कोणी लावलेली नसणार.